मुकादमाविना बांधकाम : वनस्पतिपेशीतील सूक्ष्मनलिकांची शिस्त कशी उलगडली

१/
इ.स. १९६२ मध्ये पॉल ग्रीन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. वनस्पतीच्या पेशीत, भिंतीच्या आतल्या बाजूस, विशिष्ट दिशेने मांडलेले प्रथिनांचे घटक असले पाहिजेत, असे अनुमान त्यात होते. हे घटक तेथे तोवर कोणी पाहिलेले नव्हते. पुढच्याच वर्षी ते दिसले. मात्र त्यांना त्या शिस्तीत कोण मांडते, या प्रश्नाचे उत्तर हाती येण्यास आणखी चाळीस वर्षे जावी लागली. त्या चाळीस वर्षांची, आणि त्याआधीच्या एका जुन्या वादाची ही हकिकत. (थ्रेड)

२/
प्रथम प्रश्न समजून घेऊ. प्राण्याच्या शरीरातील अनेक पेशी वाढीच्या काळात जागा बदलतात. वनस्पतीच्या पेशीला ती मुभा नाही. ती शेजारच्या पेशींशी भिंतीने जखडलेली असते आणि जेथे जन्मते तेथेच राहते. म्हणून वनस्पतीचा आकार मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो : पेशीने कोणत्या दिशेने वाढायचे, आणि विभागताना नवी भिंत कोठे घालायची. ज्वारीचे ताट सरळ उंच का जाते आणि भोपळा सर्व बाजूंनी का फुगतो, याचा शोध घेत गेल्यास आपण अखेर याच दोन निर्णयांपाशी येऊन थांबतो.

३/
यांपैकी पहिला निर्णय भिंतीच्या विणीत असतो. पेशीच्या आत पाण्याचा मोठा दाब असतो. मोटारीच्या चाकातील हवेपेक्षाही पुष्कळदा अधिक. दाब सर्व दिशांना सारखाच असतो, तरी पेशी सर्व दिशांना सारखी वाढत नाही. कारण तिच्या भिंतीत सेल्युलोजचे चिवट तंतू असतात. लाकडी पिंपावर लोखंडी पट्ट्या चढवाव्यात, तसे हे तंतू पेशीभोवती आडवे गुंडाळलेले असतील तर पेशीला रुंद होता येत नाही. ती लांबच होते. तंतू सैरावैरा पडलेले असतील तर ती फुग्यासारखी गोल होते.

४/
पण पट्ट्या आडव्याच का बसतात? सेल्युलोजचे तंतू भिंतीत, म्हणजे जिवंत पेशीद्रव्याच्या बाहेर असतात. बाहेरच्या निर्जीव धाग्यांना दिशा देणारे काहीतरी आत असले पाहिजे. बांधकामावर विटा रचणारे हात दिसत होते, पण 'ओळ अशी धर' असे सांगणारा मुकादम दिसत नव्हता. वनस्पतिशास्त्राने पुढे दीर्घकाळ त्या मुकादमाचा शोध घेतला. तो असलाच पाहिजे, असे मानण्यास सबळ कारणही होते.

५/
ते कारण प्राण्यांच्या पेशीत सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एदुआर व्हान बेनेडेन आणि थिओडोर बोव्हेरी यांनी प्राण्यांच्या अंड्यांचे विभाजन अभ्यासले. गुणसूत्रे दोन बाजूंना ओढली जाताना सूत कातण्याच्या चातीसारखी एक आकृती तयार होते. तिला तर्कू म्हणतात. तर्कूच्या दोन्ही टोकांना एकेक ठिपका असतो आणि सगळे धागे त्यापासून निघालेले दिसतात. बोव्हेरी यांनी त्याला 'सेंट्रोसोम' हे नाव दिले. पेशीला एक केंद्र आहे आणि रचना त्या केंद्रातून पसरते, ही कल्पना येथून रुजली.

६/
साहजिकच हे केंद्र वनस्पतींतही शोधले जाऊ लागले. १८९१ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेऑं गीन्यार यांनी लिलीच्या पेशीत दिशा देणारे गोल आढळल्याचे वर्णन केले. पण १८९७ मध्ये जर्मनीतील बॉन येथे एदुआर्ट स्ट्रासबुर्गर यांच्या प्रयोगशाळेतील अभ्यासकांनी उच्च वनस्पतींच्या विभाजनाची बारकाईने तपासणी केली, तेव्हा असे केंद्र आढळले नाही. तर्कू तयार होत होता, पण त्याच्या टोकांना ठिपका नव्हता. मारून, रंगवून, काचेवर ठेवलेल्या पेशीत अपेक्षित ते पाहणे किती सोपे असते, याचा हा पहिला धडा.

७/
दुसरा धडा याच्या अगदी उलट होता. मृत पेशींत तर्कूचे धागे स्पष्ट दिसत, पण जिवंत पेशीत ते दिसत नसत. म्हणून अनेक विद्वान म्हणू लागले की धागे खरे नाहीत; रसायनांनी प्रथिने गोठताना ते निर्माण होतात. हा वाद शिन्या इनुए यांनी मिटवला. त्यांनी स्वतः सुधारलेल्या ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली, १९५३ मध्ये, एका सागरी कृमीच्या अंड्यात आणि लिलीच्या परागमातृपेशीत हे धागे जिवंतपणीच दाखवले. एके काळी नसलेले केंद्र 'दिसले' होते. आता असलेले धागे नाकारले गेले होते. दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच अडचण होती : साक्षीदार मृत होता.

८/
आता या कथेत एक विष येते. युरोपातील कोल्चिकम या कंदवनस्पतीपासून मिळणारे कोल्चिसिन संधिवाताच्या एका प्रकारावर, गाउटवर, फार पूर्वीपासून वापरले जात असे. महाराष्ट्राला हे द्रव्य परके नाही. पावसाळ्यात कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर लाल-पिवळ्या ज्वालेसारखी फुलणारी कळलावी आपल्या कंदात आणि बियांत हेच विष बाळगून असते. १९३० च्या दशकात लक्षात आले की कोल्चिसिनमुळे तर्कू मोडतो, गुणसूत्रे विभागली जात नाहीत आणि त्यांची संख्या दुप्पट होते. ई. के. जानकी अम्मल यांनी इंग्लंडमध्ये विस्ली येथील उद्यानात मॅग्नोलियावर याच द्रव्याचे प्रयोग केले होते.

९/
पॉल ग्रीन यांनी हे विष वेगळ्या कामासाठी वापरले. नायटेला हे गोड्या पाण्यातील शैवाल. त्याची एकेक पेशी काही सेंटिमीटर लांब, नळीसारखी असते आणि तिच्या भिंतीतील सेल्युलोज आडवे असते. ग्रीन यांनी वाढत्या पेशीला कोल्चिसिन दिले. पेशी मेली नाही, वाढायचीही थांबली नाही. पण तिची लांबी वाढण्याऐवजी ती सर्व बाजूंनी फुगू लागली. नव्या भिंतीतील तंतूंची शिस्त नाहीशी झाली होती. पेशी त्या वेळी विभागत नव्हती, म्हणजे तर्कू मोडण्याचा प्रश्नच नव्हता. मग कोल्चिसिनने मोडले तरी काय?

१०/
ग्रीन यांचे उत्तर सरळ होते : तर्कूच्या धाग्यांशी साम्य असलेली प्रथिने एरव्हीही पेशीत असली पाहिजेत आणि तीच सेल्युलोजला दिशा देत असली पाहिजेत. मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ती दिसत का नव्हती? कारण पेशी 'टिकवण्याच्या' पद्धतीतच ती नष्ट होत होती. त्या काळी पेशी ऑस्मियम टेट्रॉक्साइड किंवा परमँगनेट यांनी, बहुधा थंड तापमानात, स्थिर केल्या जात. हे नाजूक धागे त्यात विरघळून जात. शेपटीसारख्या चिवट अवयवांतले धागे मात्र टिकत. म्हणूनच आयरीन मँटन यांना १९५२ मध्ये शेवाळवर्गीय स्फॅग्नमच्या पुंजननपेशीच्या शेपटीत नऊ जोड्या आणि मध्ये दोन अशी तंतुरचना दिसली होती. दप्तर जाळून मग त्यात नोंद नाही असे म्हणावे, तसे बाकीच्या पेशीबाबत चालले होते.

११/
१९६३ मध्ये ग्लुटराल्डिहाइड हे नवे द्रव्य हाती आले. ते प्रथिनांना जागच्या जागी जखडून ठेवते. हार्वर्ड येथे मायरन लेडबेटर आणि कीथ पोर्टर यांनी टिमोथी गवत आणि जुनिपर यांच्या मुळांची टोके त्यात स्थिर केली. भिंतीला लागून, पेशीच्या पटलाच्या अगदी खाली, सुमारे २४ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या रांगेने मांडलेल्या दिसल्या. नळ्या पेशीभोवती कड्यांसारख्या आडव्या होत्या आणि पलीकडच्या भिंतीतील सेल्युलोजही त्याच दिशेने होते. त्यांनी या नळ्यांना 'मायक्रोट्यूब्यूल' म्हटले, मराठीत सूक्ष्मनलिका. ग्रीन यांचे न पाहिलेले घटक सापडले होते.

१२/
पुढील पाच वर्षांत या नलिकांची जात-कुळी कळली. १९६४ मध्ये लेडबेटर आणि पोर्टर यांनी दाखवले की नलिकेची भिंत तेरा उभ्या धाग्यांची असते. १९६७ मध्ये शिकागो येथे गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी किरणोत्सारी कोल्चिसिन वापरून ते ज्या प्रथिनाला चिकटते ते प्रथिन ओळखले. विष हेच प्रथिन पकडण्याचा गळ ठरले. १९६८ मध्ये हिदेओ मोहरी यांनी त्याला 'ट्यूब्युलिन' हे नाव दिले. या प्रथिनाचे कण एकावर एक चढून नलिका वाढते आणि ते सुटत गेले की ती आखडते. वीट कळली होती. मुकादम अजून सापडायचा होता.

१३/
दरम्यान रचना अधिकच गूढ होत गेली. १९६६ मध्ये केंब्रिज येथे जेरेमी पिकेट-हीप्स आणि डोनाल्ड नॉर्थकोट यांनी गव्हाच्या पेशी तपासल्या. विभाजन सुरू होण्यापूर्वी सूक्ष्मनलिका पेशीच्या परिघावर एका पट्ट्यात गोळा होत. मग तो पट्टा नाहीसा होई, तर्कू तयार होई, गुणसूत्रे विभागत, आणि शेवटी नवी भिंत नेमकी जेथे पूर्वी पट्टा होता तेथेच जुन्या भिंतीला मिळे. सुताराने लाकडावर खुणेची रेघ मारावी, ती पुसून टाकावी, आणि तरीही करवत त्याच जागी चालावी, असा हा प्रकार होता.

१४/
म्हणजे एकाच पेशीत नलिकांच्या चार रचना पाळीपाळीने उभ्या राहत होत्या : वाढीच्या काळात भिंतीलगतच्या आडव्या रांगा, विभाजनापूर्वीचा पट्टा, तर्कू, आणि नवी भिंत घालणारी चौथी रचना, फ्रॅग्मोप्लास्ट. एवढे सगळे नियोजनाशिवाय कसे होईल? पिकेट-हीप्स यांनी १९६९ मध्ये 'सूक्ष्मनलिका-संघटक केंद्र' ही संज्ञा वापरात आणली. ठरावीक आकाराचे सेंट्रोसोम नसले तरी नलिकांना सुरुवात आणि दिशा देणारी काही स्थाने असली पाहिजेत, हा तिच्यामागचा विचार. शब्द अत्यंत उपयुक्त ठरला. पण त्यातील 'केंद्र' या पदाने शोधाची दिशाही ठरवून टाकली.

१५/
त्या दिशेला पहिला धक्का १९७८ मध्ये बसला. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे एड्रिएन हार्डहॅम आणि ब्रायन गनिंग अझोला या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्यावर काम करीत होते. भातखाचरांत हिरवळीचे खत म्हणून वापरला जाणारा हा नेचा. त्याच्या मुळातील पेशींचे एकापुढे एक अतिशय पातळ काप घेऊन त्यांनी एकेक नलिका टोकापासून टोकापर्यंत मागोवा घेत मोजली. पेशीभोवती अखंड कडे वाटत होते ते प्रत्यक्षात अनेक आखूड, एकमेकांवर चढलेल्या तुकड्यांचे होते. त्यांची टोके कोणत्याही एका ठिकाणी जमत नव्हती.

१६/
तरी केंद्राचा शोध थांबला नाही, आणि त्याला पुरावेही मिळत गेले. गनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अझोलाच्या पेशींत काही नलिका पेशीच्या कडांपासून सुरू होत असल्याचे आढळले. १९९० च्या दशकात फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथील आन-मारी लांबेर यांच्या गटाने पेशीतून वेगळ्या केलेल्या केंद्रकांच्या पृष्ठभागावरून नलिका फुटत असल्याचे दाखवले. दोन्ही निरीक्षणे खरी होती. पण कडा हे केंद्र मानले तर केंद्रकाचे काय करायचे, आणि केंद्रक मानले तर सबंध पटलाखाली विखुरलेल्या आखूड तुकड्यांचे काय, हा पेच सुटेना.

१७/
नजरही अपुरी होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक फार थोडा भाग दाखवी. संपूर्ण पेशीचा नकाशा त्यातून मिळणे कठीण. चमकणारा रंग जोडलेले प्रतिपिंड ट्यूब्युलिनला चिकटवले तर तो मिळू शकत होता, पण वनस्पतीची भिंत प्रतिपिंडांना आत येऊ देत नसे. १९७९ मध्ये क्लाइव्ह लॉइड आणि सहकाऱ्यांनी गाजराच्या पेशींची भिंत विकरांनी पचवून आतल्या नलिकांचे जाळे दाखवले. १९८१ मध्ये सुझन विक आणि सहकाऱ्यांनी कांद्याच्या मुळातील पेशींत चारही रचना अशाच उजळून दाखवल्या. चित्रे देखणी होती, परिपूर्ण होती. आणि स्थिर होती.

१८/
स्थिर चित्राचा एक दोष असतो : त्यात शिस्त दिसली की पाहणारा आपोआप आराखडा गृहीत धरतो. हा समज ढिला होण्यास तीन शोध कारणीभूत झाले. १९८४ मध्ये टिमोथी मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी दाखवले की सूक्ष्मनलिका सावकाश वाढते आणि अचानक कोसळते. शेजारची वाढत असतानाच ती ढासळू शकते. १९८९ मध्ये एका बुरशीत गॅमा-ट्यूब्युलिन हे नलिकांची पायाभरणी करणारे प्रथिन सापडले. प्राण्यांच्या पेशीत ते सेंट्रोसोमपाशी एकवटलेले असते. १९९३ मध्ये वनस्पतींत ते शोधले गेले, तेव्हा ते सर्व रचनांत नलिकांच्या बाजूने पसरलेले आढळले. पायाभरणीचे साहित्य कोठारात नव्हते. ते सगळ्या बांधकामावर विखुरलेले होते.

१९/
आता उरले होते जिवंत पेशीत डोकावणे. १९९० मध्ये पीटर हेपलर यांच्या गटाने प्राण्याच्या मेंदूतून काढलेल्या ट्यूब्युलिनला चमकता रंग जोडला आणि अतिसूक्ष्म सुईने ते ट्रॅडेस्कँशियाच्या पुंकेसरावरील केसांच्या पेशींत सोडले. मेंदूतले प्रथिन वनस्पतीच्या नलिकांत बिनतक्रार सामावून गेले. मग १९९४ मध्ये लेझरने नलिकांचा एक भाग विझवून तो किती वेळात पुन्हा उजळतो हे मोजले गेले. भिंतीलगतच्या रांगांत निम्मी चमक परतायला साधारण एक मिनिट पुरले. जी रांग छायाचित्रात दगडी बांधासारखी वाटत होती, तिच्यातील कण मिनिटागणिक बदलत होते.

२०/
त्यानंतर समुद्रातील जेलीफिशचे हिरवे चमकणारे प्रथिन आले. त्याचे जनुक ट्यूब्युलिनच्या जनुकाला जोडले की सुई न टोचता, पेशी स्वतःच आपल्या नलिका उजळवते. २००३ मध्ये स्टॅनफर्ड येथील कार्नेगी संस्थेत सिडनी शॉ, रोहीना कम्यार आणि डेव्हिड एरहार्ट यांनी मोहरीच्या कुळातील अ‍ॅरॅबिडॉप्सिसच्या पेशींचे चलच्चित्रण केले. नलिका पटलाखाली ठिकठिकाणी उगवत, मूळ जागेपासून सुटत, एका टोकाने वाढत आणि दुसऱ्या टोकाने झिजत. कण जागच्या जागी राहत, तरी संपूर्ण नलिका पुढे सरकल्यासारखी दिसे. त्या सर्व कोणत्याही एका केंद्रातून निघत नव्हत्या.

२१/
मग सगळ्या एका दिशेने वळतात कशा? याचा उलगडा २००४ मध्ये राम दीक्षित आणि रिचर्ड सायर यांनी तंबाखूच्या संवर्धित पेशींत केला. वाढणारी नलिका दुसरीवर आदळली की काय होते, एवढेच त्यांनी पाहिले. टक्कर साधारण ४० अंशांहून कमी कोनात झाली तर येणारी नलिका बहुधा वळे आणि दुसरीच्या बाजूने चालू लागे. कोन मोठा असेल तर ती एकतर कोसळे, नाहीतर दुसरीला ओलांडून जाई. जुळवून घेणाऱ्या टिकत, आडव्या जाणाऱ्यांपैकी अनेक नाहीशा होत. दादरच्या पुलावर गर्दीच्या वेळी पोलीस नसतानाही येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वेगवेगळ्या धारा पडतात, तसेच काहीसे हे होते.

२२/
पुढील वर्षीच दुसरा दुवा मिळाला. १९८९ मध्ये जेफ्री वेस्टेनीस आणि रिचर्ड विल्यमसन यांनी नायटेलात एक निरीक्षण नोंदवले होते : औषधाने मोडलेल्या नलिका पुन्हा उभ्या राहताना फांद्या फुटल्यासारख्या झुबक्यांनी उगवतात. २००५ मध्ये जपानमध्ये ताकाशी मुराता आणि सहकाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला. गॅमा-ट्यूब्युलिन पेशीद्रव्यातून येऊन आधीच्या नलिकेवर बसते आणि तेथून सुमारे ४० अंशांच्या कोनात नवी नलिका फुटते. म्हणजे प्रत्येक जुनी नलिका नव्या नलिकांची जन्मजागा होती. केंद्र एक नव्हते. ते रचनेतच सर्वत्र वाटले गेले होते. पुढे गणिती प्रतिरूपांनीही दाखवले की टकरींचे असे स्थानिक नियम समान दिशा निर्माण करण्यास पुरेसे असतात.

२३/
आपोआप आलेली शिस्त बदलायची कशी, हाही प्रश्न होता. कारण रोप प्रकाशाकडे वळते तेव्हा पेशींना वाढीची दिशा बदलावी लागते. येथे कॅटॅनिन हे प्रथिन उपयोगी पडते. १९९३ मध्ये समुद्री अर्चिनच्या अंड्यांतून ते मिळाले आणि जपानी तलवारीवरून, कटानावरून, त्याला नाव पडले. कारण ते नलिका कापते. २००१ मध्ये अ‍ॅरॅबिडॉप्सिसमध्ये त्याचे जनुक बिघडले की पेशी आखूड आणि रुंद होतात, असे दिसले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत निळा प्रकाश पडताच दोन नलिका जेथे एकमेकींना ओलांडतात तेथे कॅटॅनिन नवीला कापताना दिसले. कापलेले टोक पुन्हा वाढू लागे आणि काही मिनिटांत नव्या दिशेच्या नलिका बहुसंख्य होत.

२४/
आणि लेडबेटर-पोर्टर यांना दिसलेली ती समांतरता? ब्रेंट हीथ यांनी १९७४ मध्ये तर्क केला होता की सेल्युलोज विणणारी यंत्रे पटलात असावीत आणि नलिका त्यांना वाट दाखवत असाव्यात. २००६ मध्ये अलेक्झांडर परेडेझ, ख्रिस सॉमरव्हिल आणि एरहार्ट यांनी ही यंत्रे चमकवून प्रत्यक्ष पाहिली. मिनिटाला सुमारे ३०० नॅनोमीटर वेगाने ती नलिकांच्या मार्गावरून सरकत होती. नलिका मोडल्या तरी यंत्रे थांबली नाहीत. त्यांची जुनी वाट तेवढी सुटली. नलिका रूळ होत्या, इंजिन नव्हत्या. नायटेलाच्या फुगलेल्या पेशीचे कोडे चव्वेचाळीस वर्षांनी असे डोळ्यांसमोर सुटले.

२५/
ग्रीन हे पाहण्यास हयात नव्हते. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले होते. वाढत्या वनस्पतीचा आकार आणि तिच्यातील यांत्रिक ताण एकमेकांना घडवतात, हा विचार त्यांनी आयुष्यभर जोपासला. २००८ मध्ये ऑलिव्हिए आमां आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅरॅबिडॉप्सिसच्या शेंड्यावर दाखवले की सूक्ष्मनलिका सर्वाधिक ताणाच्या दिशेने रांगा धरतात. ताण नलिकांना वळवतो, नलिका सेल्युलोजला वळवतात, सेल्युलोज आकार ठरवते आणि आकार ताण बदलतो. या वर्तुळात आज्ञा देणारे आणि पाळणारे असे दोन पक्ष पाडताच येत नाहीत.

२६/
गव्हातील त्या खुणेच्या पट्ट्याचेही पुनर्मूल्यांकन झाले. अर्धे शतक तो विभाजनाची जागा ठरवणारा मानला जाई. २०१७ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, हा पट्टा तयारच न करणारी अ‍ॅरॅबिडॉप्सिसची रोपे तपासली गेली. त्यांच्या पेशी विभागत होत्या आणि बऱ्याच अंशी योग्य दिशेनेच विभागत होत्या. फक्त अचूकता कमी झाली होती, चुकांचे प्रमाण वाढले होते. पट्टा हुकूम देत नव्हता. इतर मार्गांनी होणाऱ्या निर्णयातील डळमळ तो कमी करत होता. मुकादमाच्या पदावर बसवलेला आणखी एक जण शेवटी कामकरीच निघाला.

२७/
या इतिहासात कोणी अडाणी नव्हते. गीन्यार यांच्यापासून पिकेट-हीप्स यांच्यापर्यंत प्रत्येकाने हाती असलेल्या पुराव्यातून रास्त अनुमान काढले. पण तो पुरावा एका क्षणी गोठवलेल्या पेशीचा होता. गोठलेल्या क्षणात रांगा दिसतात, त्या रांगेत न बसल्यामुळे मोडून गेलेल्या नलिका दिसत नाहीत. उरलेले तेवढेच समोर आले की ते प्रथमपासून तसेच ठरलेले होते, असे वाटू लागते. राज्ये, गावे आणि संस्था यांचा इतिहास उरल्यासुरल्या कागदांवरून वाचणाऱ्यालाही हा मोह चांगलाच परिचयाचा असतो.

२८/
१९६३ चे छायाचित्र आणि २००३ चे चलच्चित्र यांत नलिका त्याच आहेत, जागा तीच आहे, दिशाही तीच आहे. पहिल्यात एक पूर्ण झालेली रचना दिसते. दुसऱ्यात शेकडो नलिका उगवतात, आदळतात, वळतात, कोसळतात, आणि त्यांतून जे टिकते त्याची रांग होते. पावसाळ्यात कळलावीचा कोंब वर येतो तेव्हा त्याच्याही प्रत्येक वाढत्या पेशीत हेच चाललेले असते. आपल्याच कंदात ते मोडणारे विष साठवून.

(समाप्त)